पावसाळ्यातला बंब आणि सरकारी मदत: गरीब घरांच्या इंधनासाठी राज्याचा पैसा नेमका कसा मिळतो?

पाखाडीकर (गुहागर तालुका)

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका लहान ग्रामपंचायतीची सदस्य आहे. येत्या ग्रामसभेत एक विषय मांडायचा आहे आणि तो मांडण्याआधी जाणकारांकडून नियम समजून घ्यावेत, म्हणून येथे विचारत आहे.

आमच्या वाडीत पंचविसेक उंबरे आहेत. त्यांतील जवळजवळ निम्म्या घरांत केवळ म्हातारी माणसे राहतात. मुले मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येणारी. स्वयंपाक बहुतेकांचा गॅसवर होतो, पण आंघोळीचे पाणी अजूनही न्हाणीतल्या चुलीवर किंवा बंबात तापते. उन्हाळ्यात त्याचे कुणाला काही वाटत नाही, कारण काजूच्या फांद्या, नारळाची सोडणे, झावळ्या, पातेरा यांपैकी जे हाताला लागेल त्यावर काम भागते. खरी ओढाताण पावसाळ्यात होते. आगोटीला पडवीत रचून ठेवलेली लाकडे जुलै सरेपर्यंत संपत येतात, जी उरतात ती ओल धरतात, आणि मग दम्याच्या माणसाने धुरात बसून पाणी तापवायचे की गार पाण्याने अंग धुवायचे, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. दोन-दोन दिवस न वाळलेले कपडेसुद्धा त्याच चुलीच्या उबेवर सुकवावे लागतात.

माझा चुलतभाऊ अमेरिकेत असतो. तो सांगत होता की तेथे गरीब कुटुंबांना हिवाळ्यात घर उबदार ठेवण्यासाठी सरकार मदत करते आणि काही राज्ये त्यात स्वतःचीही भर घालतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून ऊब हा गरजेचा खर्च आहे असे सरकारदरबारी कुणाच्या मनातच येत नाही, असे मला वाटते. तरी राज्य सरकारची वर्षाला तीन सिलिंडरांची योजना आहेच. ती नेमकी कुणाला लागू होते, आमच्या वाडीत ती निम्म्या घरांपर्यंतच का पोहोचली आहे, आणि ग्रामपंचायतीला तिच्या पैशातून यात काही करता येईल का, हे कुणी सविस्तर सांगू शकेल का? अमेरिकेतील पद्धतीबद्दल कुणाला प्रत्यक्ष माहिती असल्यास तीही वाचायला आवडेल.


निवृत्त अव्वल कारकून (सिंधुदुर्ग)

पाखाडीकर ताई, प्रश्न योग्य जागी विचारलात. माझी बरीच नोकरी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत गेली, त्यामुळे कागदाच्या बाजूने जेवढे ठाऊक आहे तेवढे सांगतो.

आपण म्हणता ती मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना. 28 जून 2024 रोजी अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली आणि 30 जुलै 2024 रोजी अन्न व नागरी पुरवठा विभागाचा शासन निर्णय निघाला. त्यानुसार वर्षाला तीन सिलिंडरांचे पुनर्भरण मोफत मिळते. लाभार्थ्यांचे दोन गट आहेत. एक, केंद्राच्या उज्ज्वला योजनेतून जोडणी मिळालेल्या महिला. राज्यात त्यांची संख्या शासन निर्णयाच्या वेळी 52 लाख 16 हजार होती. दोन, लाडकी बहीण योजनेत पात्र ठरलेल्या महिलांची कुटुंबे.

‘मोफत’ या शब्दाने बरीच दिशाभूल होते. सिलिंडर दारात येतो तेव्हा पूर्ण किंमत रोख मोजावी लागते आणि परतावा नंतर बँक खात्यात येतो. उज्ज्वला असल्यास केंद्राचे 300 रुपये एका वाटेने येतात आणि राज्याचे साधारण 530 रुपये दुसऱ्या वाटेने. उज्ज्वला नसून केवळ लाडकी बहीण असल्यास शासन निर्णयाच्या वेळच्या भावाने साधारण 830 रुपयांचा पूर्ण भार राज्य उचलते. केंद्राचे 300 रुपये पूर्वी वर्षाला बारा सिलिंडरांपर्यंत मिळत, 2025-26 या वर्षासाठी ती मर्यादा नऊवर आणली गेली. राज्याच्या तीन सिलिंडरांवर तिचा परिणाम होत नाही.

आता आपल्या वाडीत निम्मीच घरे का, याबद्दल. गॅसजोडणी महिलेच्या नावावर असणे बंधनकारक आहे. आपल्या भागात जुन्या जोडण्या घरधन्याच्या नावावर असतात, आणि तो धनी मुंबईला असतो किंवा हयात नसतो. नाव बदलून घ्यायचे राहून गेलेले असते. कुटुंबातल्या कुटुंबात जोडणी नावावर करून घेण्याची सोय गॅस एजन्सीकडे आहे, ती आधी वापरावी. दुसरी अट अशी की एका शिधापत्रिकेवर एकच लाभार्थी, आणि 1 जुलै 2024 नंतर विभक्त केलेली शिधापत्रिका या योजनेसाठी धरली जात नाही. सासू-सुनेची चूल वेगळी असली तरी कार्ड एक असेल तर लाभ एकच. तिसरी अट 14.2 किलोच्या सिलिंडरची. डोंगरावर न्यायला सोपी म्हणून पाच किलोची लहान टाकी घेतलेल्या बाया येथे बाहेर राहतात.

आणि सर्वांत बोचणारी गोष्ट वयाची आहे. लाडकी बहीण योजनेची वयोमर्यादा 21 ते 65 आहे. एकटी राहणारी बहात्तर वर्षांची विधवा, जिच्याकडे गॅस आहे पण तो उज्ज्वलेतून आलेला नाही, ती या दोन्ही दरवाजांच्या बाहेर उभी राहते. ऊन पाण्याची गरज सर्वांत जास्त तिलाच असते. ग्रामसभेत ठराव करायचाच असेल, तर तो याच मुद्द्यावर करावा असे माझे मत आहे.

एक व्यवहारातली सूचना. एका महिन्यात एकाच सिलिंडरवर अनुदान मिळते, म्हणून तिन्ही एकदम घेता येत नाहीत. ज्यांची तीन पुनर्भरणे अद्याप शिल्लक आहेत त्यांनी ती जून, जुलै आणि ऑगस्ट या महिन्यांसाठी राखून ठेवावीत. उन्हाळ्यात लाकडे सुकी असताना ती वापरून टाकण्यात काही हशील नाही.


हर्णै बंदर

कारकून काकांनी लिहिलेले सर्व खरे आहे, पण जून-जुलैसाठी राखून ठेवा ही सूचना आमच्यासारख्यांना पाळता येत नाही, त्याचे कारण सांगते.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात आणि खलाशी, मासळी निवडणाऱ्या बाया, टोपल्या वाहणाऱ्या बाया, सगळ्यांचीच कमाई थांबलेली असते. त्या दोन महिन्यांत घरात तांदूळ आणि सुकी मासळी असते, रोख पैसा नसतो. नेमक्या त्याच वेळी सिलिंडरची पूर्ण किंमत आधी मोजा, नंतर ती परत मिळेल, असे कुणी सांगितले तर ती आधीची रक्कम आणायची कुठून? व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, तर ती ऑगस्टच्या मासळीतून वळती होते. म्हणजे सरकारने दिलेला सिलिंडर शेवटी आमच्याच जाळ्यातून फिटतो.

माझ्या आईचे उदाहरण देते. तिची जोडणी उज्ज्वलेची, कागद सगळे नीट. दोन सिलिंडर घेतले तरी पासबुकात राज्याचे पैसे दिसेनात. एजन्सीत विचारले तर म्हणाले बँकेत विचारा, बँकेत विचारले तर म्हणाले एजन्सीत विचारा. पाच महिन्यांनी उलगडा झाला की फार पूर्वी कुठल्याशा दुसऱ्या योजनेसाठी एका वेगळ्या बँकेत तिचे खाते उघडले होते, आधार शेवटी त्या खात्याला जोडले गेले होते आणि पैसे इमानेइतबारे तेथेच जमा होत होते. ज्या खात्याचे पासबुक हातात असते त्यात पैसे येतात असे नाही, तर आधार सर्वांत शेवटी ज्या खात्याला जोडले त्यात येतात, हे दोनपैकी एका कार्यालयाने जरी पहिल्याच दिवशी सांगितले असते तरी आमचे पाच हेलपाटे वाचले असते.

पाखाडीकर ताई, तुमच्या नावावरून तुमच्याकडेही पाखाड्याच, म्हणजे पायऱ्यांच्या चढत्या वाटाच, असणार. भरलेली टाकी तिच्या लोखंडासकट तीस किलोच्या आसपास भरते. टेम्पो खालच्या रस्त्यावर उभा राहतो, वर चढवायला माणूस लावावा लागतो आणि त्याला वेगळे पैसे द्यावे लागतात. सिलिंडरच्या किमतीत घरपोच पोहोचवण्याचा आकार आधीच धरलेला असतो, आणि गोदामातून स्वतः उचलणाऱ्याला तो वजा करून मिळायला हवा. आमच्याकडे रस्त्यावरून उचलले तरी तो कुणी वजा केलेला मी पाहिलेला नाही.


सातासमुद्रापार (मूळ चिपळूण, सध्या मॅसॅच्युसेट्स)

येथे येऊन मला बावीस वर्षे झाली. गेले काही हिवाळे मी आमच्या गावातल्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात लोकांना या मदतीचे अर्ज भरून देण्याचे काम करतो, त्यामुळे चुलतभावाच्या माहितीत थोडी दुरुस्ती आणि थोडी भर घालतो.

या योजनेला येथे सगळे तिच्या आद्याक्षरांनी ‘लायहीप’ म्हणतात. अर्थ अल्प उत्पन्न गटाच्या घरांना ऊर्जेसाठी मदत, इतकाच. 1970च्या दशकात तेलाचे भाव भडकले त्या धक्क्यातून असल्या योजना निघाल्या आणि 1981 च्या कायद्याने तिला आजचे रूप मिळाले. पैसा मुख्यतः येथील केंद्र सरकारचा असतो, वर्षाला साधारण चार अब्ज डॉलर, आणि तो राज्यांना ठोक रकमेत वाटून दिला जातो. कुणाला द्यायचे, किती द्यायचे आणि कशासाठी द्यायचे हे केंद्राने आखलेल्या चौकटीत राज्य ठरवते. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यातील मध्यक उत्पन्नाच्या (ज्याच्या खाली निम्म्या घरांची कमाई असते त्या रकमेच्या) 60 टक्क्यांपर्यंत कमाई असणारे घर पात्र धरतात. इतर अनेक राज्यांत ती रेषा याहून खाली आहे. आमच्यासारखी थंड राज्ये अधूनमधून स्वतःच्या अर्थसंकल्पातून भर घालतात, पण बहुतेक राज्यांचा कारभार केंद्राच्या पैशावरच चालतो. त्यामुळे ‘अमेरिकेत राज्ये देतात’ हे अर्धेच खरे आहे.

हर्णैच्या ताईंनी लिहिलेले वाचून मला जो फरक सर्वांत ठळक जाणवला तो पैशाच्या वाटेचा आहे. येथे मदत बहुतेक वेळा घराच्या हातात येतच नाही. ती तेल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या किंवा वीज-गॅस कंपनीच्या खात्यात थेट जमा होते आणि घराचे बिल तेवढ्याने कमी होते. माझ्या शेजारच्या आजींच्या तळघरात तेलाची टाकी आहे. मंजुरी आली की व्यापारी येऊन ती भरून जातो आणि आजींना त्या रकमेसाठी पाकीट उघडावे लागत नाही. लाकूड जाळणाऱ्या घरांना लाकडासाठीही मदत मिळते, हे आपल्याकडच्या लोकांना विशेष वाटेल. शिवाय 15 नोव्हेंबर ते 15 मार्च या काळात ऐपत नसलेल्या घराचा घर तापवण्यासाठी लागणारा गॅस वा वीज बिल थकले म्हणून तोडता येत नाही, असा या राज्याचा नियम आहे. मदतीचा मोसमही ठरलेला असतो, 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल. म्हणजे मदत हवामानाला बांधलेली आहे.

तरी येथे सर्व गोडच आहे असे समजू नका. हा कायद्याने मिळणारा हक्क नाही. मंजूर रक्कम संपली की मदत संपते. देशभरात जेवढी घरे पात्र आहेत, त्यांतील पाच-सहांत एकालाच ती मिळते. एप्रिल 2025 मध्ये तर ही योजना सांभाळणारी केंद्र सरकारातली सगळी माणसे एका दिवसात कामावरून काढून टाकली गेली आणि राहिलेला निधी येणार की नाही यावर आमच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रातली म्हातारी मंडळी कित्येक दिवस घोर लावून बसली होती. तो नंतर आला, पण तोवर थंडी ओसरली होती.


आकडेमोड (अलिबाग)

मी वाणिज्य शाखेचा शिक्षक असल्यामुळे थोडा हिशेब मांडतो. भावनेपेक्षा त्यातून जास्त समजते असा माझा अनुभव आहे.

राज्याने उज्ज्वलेच्या सर्व 52 लाख 16 हजार महिलांना तिन्ही सिलिंडरांचे 530 रुपये दिले, तर वर्षाचा खर्च सुमारे 829 कोटी रुपये होतो. लाडकी बहीण योजनेसाठी सुरुवातीला वर्षाला 46 हजार कोटी सांगितले गेले होते, त्या मानाने ही रक्कम दर्यात खसखस आहे. म्हणून ‘परवडत नाही’ हे कारण मला पटत नाही. महाराष्ट्र याबाबतीत एकटाही नाही. आंध्र प्रदेश 2024 च्या दिवाळीपासून वर्षाला तीन सिलिंडर देतो, उत्तर प्रदेश होळी आणि दिवाळीला एकेक देतो, राजस्थानने उज्ज्वलेच्या घरांसाठी भावच 450 रुपयांवर आणला, तेलंगणाने पांढऱ्या शिधापत्रिकेच्या घरांसाठी 500 रुपयांवर. उत्तर प्रदेशाचे सिलिंडर सणांना बांधलेले आहेत. कोकणात पावसाला बांधलेली योजना कुणाला का सुचू नये?

आता बंबाकडे वळू. एका माणसाच्या आंघोळीला वीस लिटर कोमट पाणी धरले आणि ते 18 अंशांनी तापवायचे म्हटले, तर शेगडीवर वाया जाणारी उष्णता जमेस धरून साधारण 55 ग्रॅम गॅस लागतो. पाच माणसांच्या घरात रोजचे पावशेराहून थोडे जास्त. म्हणजे 14.2 किलोचा एक बाटला नुसत्या आंघोळीत साताठ आठवड्यांत संपेल. दोघा म्हाताऱ्यांच्या घरात मात्र तोच बाटला सव्वाशे दिवस, म्हणजे जवळजवळ पूर्ण पावसाळाभर पुरेल. पाखाडीकर ताईंच्या वाडीतील परिस्थिती पाहता, एकेकट्या वृद्धांच्या घरांना पावसाळ्यात जास्तीचा एक सिलिंडर एवढीच मागणी नेमकी आणि पुरेशी ठरेल. उज्ज्वलेची घरे देशभरात वर्षाला सरासरी साडेचार सिलिंडरांच्या आसपास घेतात, त्यामुळे तीन हा आकडा मुळात स्वयंपाकालाच अपुरा आहे. त्यातून बंबासाठी काही उरेल ही आशा सोडावी.

सौर बंब बसवा असा सल्ला कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. आमच्या सोसायटीत तो आहे. मार्चमध्ये त्याच्या पाण्याने चटका बसतो आणि जुलैत ते विहिरीच्या पाण्याइतकेच गार असते. गोबरगॅस त्याहून बरा, पण दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागते, आणि आपल्या कोकण कपिला जातीच्या लहानखुऱ्या गाई दोन-तीनच असतील तर तेवढे शेण गोठ्यात जमत नाही. ज्या घरी पाच-सहा जनावरे अजून आहेत त्यांनी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे अनुदानाची चौकशी अवश्य करावी. म्हाताऱ्यांच्या घरी ती नसतात.


निवृत्त अव्वल कारकून (सिंधुदुर्ग)

ताईंच्या ग्रामपंचायतीबाबतच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. लहान ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न घरपट्टी-पाणीपट्टीवर चालते, त्यामुळे ही रक्कम फार मोठी नसतेच. तरीही दिव्यांगांच्या 5 टक्क्यांतून एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी शेगडी किंवा पाणी तापवण्याचे साधन देण्याचा विचार होऊ शकतो. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) बोलून ठराव नीट शब्दांत घ्यावा, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली सदस्यांच्या डोक्यावर बसते. त्यापेक्षा मोठे काही करायचे असल्यास जिल्हा नियोजन समितीकडे जावे लागेल. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी थोडा निधी राखलेला असतो आणि पालकमंत्री समितीचे अध्यक्ष असतात. ‘मदत द्या’ असे मोघम निवेदन तेथे फाईलला लागून पडून राहते. ‘पासष्टीपुढील एकट्या महिलांना जून ते सप्टेंबर या काळासाठी एक सिलिंडर, रक्कम थेट एजन्सीला’ असे नावांच्या यादीसह लिहिले, तर निदान त्यावर शेरा मारावा लागतो.

चिपळूणच्या साहेबांनी सांगितलेला व्यापाऱ्याला थेट पैसे देण्याचा मार्ग मला फार मोलाचा वाटला. आमच्या काळात रेशनच्या रॉकेलचे अनुदान त्याच्या भावातच असे. माणूस डबा घेऊन दुकानात जाई आणि स्वस्त भावाने घेऊन येई. त्यात काळाबाजार बराच झाला, हे मी नाकारणार नाही, तो पकडण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली. पण आगाऊ रक्कम नाही म्हणून कुणी दुकानातून रिकामा डबा घेऊन परत गेला, असे त्या व्यवस्थेत क्वचितच घडे. चोरी थांबवण्यासाठी पैसे खात्यात देण्याची पद्धत आणली ती योग्यच होती. मात्र तिचा भार चोरावर न पडता हर्णैच्या ताईंसारख्यांवर पडला.


पाखाडीकर (गुहागर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. वयाच्या अटीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आज संध्याकाळी वाडीत फिरून विचारले. पासष्टीपुढच्या, एकट्या राहणाऱ्या आणि उज्ज्वलेची जोडणी नसलेल्या सहा बाया निघाल्या. त्यांतील दोघींची जोडणी वारलेल्या नवऱ्याच्या नावावर आहे. तिसरीने तर मुलगा मुंबईहून विचारतो तेव्हा ‘मिळतो हो फुकटचा सिलिंडर’ असे सांगून ठेवले आहे, त्याला घोर नको म्हणून.

यादी तयार करते आणि प्रत्येकीचे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते बँकेत जाऊन तपासून घेते. कारकून काका, ठरावाचा मसुदा येथे टाकला तर आपण नजरेखालून घालाल का? आणि आकडेमोड सर, आपला सव्वाशे दिवसांचा हिशेब मला ठरावात जसाच्या तसा घालायचा आहे, हरकत नसावी.


निवृत्त अव्वल कारकून (सिंधुदुर्ग)

अवश्य टाका. मसुद्यात ‘मोफत’ हा शब्द वापरू नका, ‘पूर्ण अनुदानित’ लिहा. नवऱ्याच्या नावावरच्या त्या दोन जोडण्यांचे काम मात्र ग्रामसभेची वाट न पाहता उद्याच सुरू करा. मृत्यू गावातच झाला असेल तर त्याचा दाखला ग्रामपंचायतीच्या दप्तरातूनच मिळेल.